पंपाच्या गळ्यातला हार

मी एक जुना रांजण आहे, मित्रांनो, आणि जुन्या वस्तूने स्वतःविषयी बोलताना जो शालीन विनय पाळावा अशी तुमच्या पाठ्यपुस्तकांची अपेक्षा असते, तो माझ्याजवळ नाही. मी मत्सरी आहे. प्राथमिक शाळेच्या ओसरीत इतकी वर्षे उभा राहून, डोक्यावरच्या भिंतीला चिकटवलेले प्रत्येक परिपत्रक वाचून आणि भिंतीपलीकडचा प्रत्येक धडा ऐकून मी एवढेच शिकलो, की ज्याचे काही हिरावले गेलेले नसते त्याला निर्मत्सर राहणे फार सोपे जाते.

माझा जन्म बोरी अरबकडच्या एका कुंभाराच्या अंगणात झाला. लहान मडके चाकावर उतरते; रांजण ठोकून वाढवावा लागतो. तो वृद्ध कारागीर एक हात माझ्या पोटात घालून आतून दगडाचा आधार देई आणि दुसऱ्या हातातल्या लाकडी थापीने बाहेरून ठोके. माझ्या बाहेरच्या गोलाईची लोक स्तुती करीत, परंतु ती त्याच्या आतल्या हाताने घडवली होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शाळेत आलो त्या काळी मी मानाचा होतो. दर शनिवारी मुले मला आतून काथ्याने घासत, विसळून पुन्हा भरत. बाहेरून मी शेवाळलेला, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला, दिसायला कुरूपच. पण आतले पाणी असे की कापूस वेचणीला जाणाऱ्या बायाही वाट वाकडी करून येत. लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी वाढण्याची पाळी मिळावी म्हणून मुले भांडत. त्यांत हलीमा सर्वांत चिवट होती. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या मुजफ्फरची ही लेक स्वतःची पाळी संपली तरी ओगराळे सोडत नसे.

मग साथ आली आणि शाळा बंद झाली. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशीची बोंडे आतून पोखरली. बाहेरून हिरवे, टणक, निरोगी दिसणारे बोंड हाताने उकलले की आत काळवंडलेली सरकी निघे. गावाने ते डोळ्यांनी पाहिले आणि त्यातून काहीही न शिकता शाळेच्या तयारीला लागले.

बंद शाळा उघडायची ठरली, तेव्हा आरोग्याच्या खबरदारीचे परिपत्रक माझ्या डोक्यावर लागले. सामायिक पाणी वर्ज्य. मला उपडा-सरळ करून रिकामे केले गेले आणि माझ्या पोटात हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाच्या रिकाम्या बाटल्या टाकल्या जाऊ लागल्या. समोर हात धुण्यासाठी फरशी लावलेला नवा ओटा उभा राहिला. त्याला चमकदार तोट्या होत्या, पाणी नव्हते. दाराशी मुलांच्या कपाळावर रोखायची ताप मोजणारी बंदूक आली. आणि हलीमाच्या गळ्यात एक गुलाबी प्लास्टिकची बाटली आली. बंदुकीचा मला हेवा वाटला, ओट्याचा राग आला; पण त्या बाटलीचा मी जो द्वेष केला त्याला तोड नाही. ती मुलगी पाणी प्यायला माझ्याचजवळ येऊन उभी राही, पाठ मला टेकवी आणि तोंड बाटलीला लावी.

दुसरे परिपत्रक चाचणीचे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी ते जपून ठेवावे. चाचणी ऐच्छिक राहील. कोणावरही सक्ती करू नये. तथापि सर्व विद्यार्थी उपस्थित असल्याचा अहवाल त्याच दिवशी पाठवावा.

हलीमाला मात्र ती चाचणी ऐच्छिक नव्हती. पाचवीनंतर तिला शिकवायचे की पुसदला आत्याकडे घरकामाला पाठवायचे, याचा निकाल मुजफ्फरने या एका पेपरावर ठेवला होता. "बंद शाळेत तू काय शिकली थे मले कसं कळंन?" तो हेडसरांसमोरच तिला म्हणाला होता. "पेपर दाखव. चांगला असंन त सहावीले पांढरकवड्याले." तेव्हापासून ती रोज माझ्याशेजारी बसून पाढे घोकत होती.

चाचणीच्या सकाळी वर्ग निर्जंतुक करायचे होते. शासनाचा फवारा यायचा तेव्हा येईल. शाळा समितीचे अध्यक्ष पुंडलिकराव आपल्या शेतातला पाठीवरचा फवारणी पंप घेऊन आले. पंपाला झेंडूचा हार, कपाळाशी कुंकू, पुढे नारळ. ज्या शाळेने मला इतक्या वर्षांत एक फूल वाहिले नाही, तिने एका प्लास्टिकच्या टाकीची पूजा मांडली! माझ्या काठावरच्या भेगा त्या दिवशी रुंदावल्या असाव्यात.

खिचडी शिजवणाऱ्या नंदाबाई पदर तोंडावर धरून हसल्या. "भाऊ, पंपाले त नवरदेवावानी नटवलं!"

"फोटो यवतमाळले जाते, नंदाबाई," पुंडलिकराव म्हणाले. "सकाळपासून पुसून राह्यलो. पाहा कसा चमकते."

"मंग नवरी कोन?"

"तुमचा थो रांजण हाय न, रिकामाच बसला हाय!"

सगळे हसले. हेडसर लखीरामही हसले आणि फोटो काढला गेला. पंप बाहेरून पुसला होता. तो आतून कोणी धुतला नव्हता. खोडवा ठेवलेल्या कपाशीवर, फरदडीवर, मारलेल्या कीटकनाशकाचा गाळ टाकीच्या तळाशी तसाच होता. त्यावरच जंतुनाशक आणि पाणी ओतले गेले, आणि वर्गाच्या भिंती, बाक, सतरंज्या सगळे भिजवले गेले. घाई होती. खिडक्या बंद होत्या. मुले आत बसवली गेली.

तो वास माझ्यापर्यंत आला. कपाशीवरच्या विषारी फवारणीने माणसे आडवी केली त्या वर्षापासून या गावातल्या प्रत्येकाला तो वास ठाऊक आहे. तरी प्रत्येकाने स्वतःची समजूत घातली, की पूजा झालेल्या पंपातून तो येणे शक्य नाही.

पहिली उलटी पुंडलिकरावांची नात नयन हिला झाली. मग कोणी डोळे चोळू लागले, कोणी रडू लागले. हलीमा अर्धा लिहिलेला पेपर बाकावर टाकून उठली, नयनला काखेत धरून बाहेर ओढत आणली. बाकीची मुले मागोमाग धावली. आणि मित्रांनो, ती नव्या ओट्याकडे गेली नाहीत. जुन्या सवयीने ती माझ्याकडे आली. बाटल्यांखाली दबलेले ओगराळे कोणीतरी ओढून काढले आणि माझ्यात बुडवले. आत प्लास्टिक खडखडले.

रिकामा झाल्यापासून मी ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला, आणि माझ्याजवळ द्यायला थेंब नव्हता.

हलीमाने गळ्यातली गुलाबी बाटली काढली. तिने ती स्वतःच्या लाल डोळ्यांवर ओतली नाही; नयनचे डोळे धुतले, उरलेले पाणी शेजारच्या मुलाच्या तोंडावर मारले. नंदाबाई घरून पाण्याचा गुंड भरून आणीपर्यंत त्या बाटलीनेच निभावून नेले. ज्या वस्तूचा मी तिरस्कार करीत होतो, तिने माझे काम माझ्या डोळ्यांदेखत केले. मत्सराला याहून मोठी शिक्षा मला ठाऊक नाही.

मुले दवाखान्यात गेली आणि सुदैवाने सर्व परतली. अहवाल मात्र त्याच दिवशी रवाना झाला: खबरदारी घेण्यात आली; उपस्थिती पूर्ण; चाचणी ऐच्छिक असल्याने काही विद्यार्थी स्वेच्छेने लवकर उठले. ते वाक्य हेडसरांनी स्वतःच्या हाताने लिहिले.

शाळा पुन्हा भरली त्या दिवशी मुजफ्फर लेकीचा हात धरून आला. "सर, तुमची परीक्षा ऐच्छिक व्हती न? मंग माही पोरगी आजपासून ऐच्छिक. नाव काढा तिचं."

"मुजफ्फरभाई, असं नका बोलू. पोरगी हुशार हाय."

"हुशार हाय म्हणून त बाहेर पडली. बुद्दू असती त पेपर लिहीत बसली असती."

"अब्बा, पेपर बाकी है मेरा," हलीमा घरच्या बोलीत म्हणाली.

"उस बास में बैठेगी?"

"बाहर बैठूँगी. रांजण के पास."

मग पुंडलिकराव पुढे आले. ते कधीपासून फाटकाशी उभे होते, कळले नाही. त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला, माझ्यातल्या बाटल्या उपसून टाकल्या आणि कमरेपर्यंत माझ्या पोटात वाकून काथ्याने घासू लागले. त्या कुंभारानंतर इतक्या खोलवर कोणाचा हात पोचला नव्हता.

नंदाबाईंना राहवले नाही. "भाऊ, फोटो काढू काय?"

आतून घुमत आवाज आला, "आतून काय फोटो येते, बाई!"

या वेळी कोणी हसले नाही.

मला विसळून काठोकाठ भरले गेले आणि पेपर ओसरीतच झाला. हलीमाने पाठ मला टेकवली आणि पहिल्या प्रश्नापासून पुन्हा लिहिले. मुजफ्फर अंगणात उकिडवा बसून राहिला. हेडसरांनी तिथेच तपासून पेपर त्याच्या हाती दिला. त्याने तो बराच वेळ पाहिला, घडी घालून खिशात ठेवला. "जूनमंधी जाशीन पांढरकवड्याले," एवढेच तो म्हणाला, आणि भरलेल्या ओगराळ्याने ओंजळीत पाणी घेऊन प्यायला.

मित्रांनो, ज्या वस्तूच्या गळ्यात हार घालाल, तिच्या पोटात आधी हात घालून पाहा. आम्हा वस्तूंना कौतुकाची भूक असते, हे मी नाकारत नाही; पण कौतुक बाहेरून होते आणि निगा आतून घ्यावी लागते.

हलीमा निघताना ती गुलाबी बाटली माझ्यात बुडवून भरून घेऊन गेली. ती बाटली मला अजूनही आवडत नाही. पण तिच्यातले पाणी माझे होते.