पिवळी केंद्रकं

सूक्ष्मदर्शकावरून मेरिडिथ ओस्टबीला मान वर करवेना. साध्या, निरोगी नर उंदराच्या गर्भाचं वृषण होतं ते, आणि त्यातल्या पेशींची केंद्रकं पिवळी दिसत होती. दिसायला नको होती.

या पिवळ्यावर तर तिची दोन वर्षं उभी होती. गर्भातलं ते इवलंसं इंद्रिय आधी धड वृषणही नसतं आणि अंडाशयही नसतं. मग पेशीत दोन प्रथिनांची ओढाताण लागते. एक वृषणाकडे खेचतं, दुसरं अंडाशयाकडे, आणि जिंकेल ते दुसऱ्याला टिकू देत नाही. पण मेरिडिथच्या उंदरांत, ज्यांचं एक जनुक मुद्दाम काढलेलं होतं, दोन्ही एकाच केंद्रकात गुण्यागोविंदाने नांदत होती. एक लाल रंगवलेलं, एक हिरवं, मिळून पिवळं. याच चित्रावर लेख पाठवलेला, याच चित्रावर सोमवारी डुलुथला नोकरीसाठी भाषण, आणि इथला करार मार्चमध्ये संपत होता.

लेखाच्या परीक्षकांनी साधे गर्भही पुन्हा रंगवायला सांगितले, म्हणून हा सगळा उपद्व्याप. घोळ कुठे झाला ते तिला लगेच कळलं. पहिलं प्रथिन पकडायला सशाचं प्रतिपिंड, दुसऱ्याला शेळीचं. सशाच्या प्रतिपिंडाला चिकटणारा लाल रंग गाढवात बनवलेला लागतो. तो संपला तेव्हा तिने कपाटातली शेळीत बनवलेल्या लाल रंगाची बाटली उचलली होती. हिरवा रंग तर शेळीच शोधत फिरणार! जिथे लाल, तिथे तोही जाऊन बसला. साध्या उंदरांचे काप त्याआधीच, गाढवाच्या रंगाने उरकलेले, म्हणून कुणाला दिसलं नाही.

शेजारच्या प्रयोगशाळेतून गाढवाचा रंग मागून आणून तिने जनुक काढलेल्या उंदरांचे उरलेले काप रंगवले. दुसऱ्या दिवशी लाल ते लाल निघालं, हिरवं ते हिरवं. पिवळं औषधालाही नाही.

प्रयोगशाळेचे प्रमुख रसेल टेबलावरच गार झालेलं सूप पीत होते. तिने सगळं सांगितलं. ते म्हणाले, लेख मागे घेऊ, पण सोमवार होऊन जाऊ दे.

"रसेल, ते चित्र खोटं आहे."

"ठाऊक आहे. पहिल्यांदा दाखवलंस ना, तेव्हाच मला जरा जास्तच पिवळं वाटलं होतं."

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू तपासलं असतंस, बाई." त्यांनी डोळे चोळले. "अनुदानाचा अर्ज जायचा होता. मी थकलो होतो."

तिला ओरडायचं होतं, पण अंगात तेवढं त्राणच नव्हतं. खूप एकटं वाटलं तिला. ती जागेवर आली आणि भाषणातून ते चित्र काढून टाकलं. त्याच्या आधी प्रस्तावना होती, नंतर आभार. मधे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तिथे तिने पिवळं नसलेलं नवं चित्र लावलं आणि सोमवारच्या बसचं तिकीट काढलं.