साठ हात

दादा गेला तेव्हा त्याच्या मनगटाला पाटी बांधलेली होती. पाण्याखाली लिहायची, पांढऱ्या प्लास्टिकची. तो पुरातत्त्व खात्यात पाणबुड्या होता आणि मी त्याच कचेरीत नकाशे काढायचे. समुद्राच्या तळाशी सापडलेल्या एका प्राचीन जहाजाची मापं तो खाली जाऊन घ्यायचा आणि मी ती कागदावर उतरवायचे. दुसऱ्या हंगामात एका सकाळी त्याच्या हवेच्या टाकीची झडप बिघडली. त्याला वर आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पाटीवरचा एक आकडाही पुसला गेला नव्हता.

बाबा चार महिने कुणाशी धड बोलले नाहीत. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस, पण समोर पेपर पडलेला असला तरी उचलून बघेनात. मग एके दिवशी त्यांनी कपाटातला धर्मग्रंथ काढला. महापुरातून माणसांना तारून नेणाऱ्या नावेची गोष्ट त्यात आहे, मापांसकट : साठ हात लांब, सोळा हात रुंद. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकते न टाकते तोच ते म्हणाले, "त्याच्या पाटीवरचं सगळं मला उतरवून घ्यायचंय. आण."

मी पाटीचा फोटो आणून दिला. निदान जेवायला तरी उठतील, एवढाच माझा विचार होता.

हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर. पण कुणाच्या हाताचं? बाबांनी शिवणाची टेप घेतली आणि दिसेल त्याचा हात मोजायला सुरुवात केली. माझा, वहिनीचा, इस्त्रीवाल्याचा. टपालवाल्याला तर दारातच धरलं. शेजारचे काका म्हणाले, "सगळ्यांना शर्ट शिवताय की काय?" बाबा हसले. कितीतरी दिवसांनी.

एकदा दुपारी ते दादाचा निळा स्वेटर पलंगावर पसरून बसले होते. बाहीचं कोपर झिजलेलं होतं. तिथे त्यांनी टेपचं टोक धरलं, मनगटाशी दादाचा हातमोजा जोडला आणि बोटापर्यंत माप घेतलं. वहिनी दवाखान्यातली ड्यूटी संपवून नुकतीच आली होती. तिने दारातून ते पाहिलं आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून परत जिना उतरली.

सगळ्या हातांची सरासरी आली पंचेचाळीस सेंटीमीटर. दादाने लिहिलेली लांबी सव्वीस मीटर नव्वद. भागाकार जवळजवळ साठ. रुंदी तर बरोब्बर सोळा.

"बघ," बाबा कागद माझ्यापुढे धरून म्हणाले. "उगाच नाही गेला तो. देवाने सांगितलेली नाव मोजत होता."

वहिनी आत निघून गेली. मी कागद घडी घालून ठेवला. प्रार्थनेच्या सभागृहात बाबांचं व्याख्यान ठरलं, दारावर कागद लागला : 'ग्रंथातली नाव सापडली'.

त्याच सुमारास तिसऱ्या हंगामाचं काम सुरू झालं आणि मागच्या टोकाची वाळू निघाली. दादाने जिथपर्यंत मोजलं होतं ते शेवटचं लाकूड या जहाजाचं नव्हतंच. जातही वेगळी, आणि प्रयोगशाळा म्हणाली, तीनशे वर्षांनी अलीकडचं. दुसरीच कुठली तरी होडी तिथे येऊन बुडाली होती. आमचं जहाज त्याच्या बरंच आधी संपत होतं. साधं मालवाहू जहाज, पोटात तेलाचे रांजण.

दोन दिवस मी ते मनातच ठेवलं. व्याख्यान तोंडावर आलं तेव्हा सांगावंच लागलं.

"बाबा, लांबी एकवीस मीटर चाळीस आहे."

"कुणी मोजली?"

"तिघांनी. वेगवेगळ्या दिवशी."

"त्याने सव्वीस नव्वद लिहिलंय."

"त्या दिवशी पाणी गढूळ होतं. शेवटचं लाकूड दुसऱ्या होडीचं निघालं." मग मला राहवलं नाही. "त्यालाही शंका होती, बाबा. आकड्यापुढे त्याने प्रश्नचिन्ह केलंय. तुमच्या कागदावर ते उतरवायचं राहिलंय."

बाबांनी चष्मा काढला.

"राहिलं नाही," ते म्हणाले. "दिसलं होतं मला. मी गाळलं."

स्वयंपाकघरात वहिनीच्या हातातलं भांडं थांबलं.

"मग तो कशासाठी गेला गं?" बाबांनी विचारलं.

खोटं सांगायला मला हजार गोष्टी सुचल्या असत्या. "मोजायला गेला होता, बाबा," मी म्हणाले. ते नुसती मान हलवत राहिले, आणि मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

व्याख्यान रद्द करा म्हणून मी विनवलं, पण ते ऐकेनात. सभागृह भरलं होतं. बाबांनी आधी ग्रंथातली मापं वाचली, मग जहाजाची.

"जुळत नाहीत," ते म्हणाले. "मी जुळवून आणली होती."

मागून कुणीतरी चिडून ओरडलं, "मग आम्हाला बोलावलंत कशाला?"

"माझ्या मुलाने नीट लिहिलं होतं, हे सांगायला."

लोक कुजबुजत उठले. काहींनी खुर्च्या मुद्दाम आपटल्या. एक म्हातारे गृहस्थ पुढे येऊन बाबांचा हात धरून उभे राहिले आणि मग निघून गेले.

हंगाम संपला तशी जहाजावर पुन्हा वाळू पसरायचं ठरलं. लाकूड वाळूखालीच जास्त टिकतं. त्या दिवशी वहिनीने रजा टाकली आणि आमच्या बोटीवर आली. बाबांनी यायला नकार दिला.

वाळूच्या गोण्या एकेक खाली सुटत होत्या. कठड्याला धरून वहिनी पाण्याकडे बघत होती. दादा गेल्यापासून तिने एकदाही काही विचारलं नव्हतं.

"किती खोल आहे इथे?"

"अठरा मीटर."

"एवढंच?" ती म्हणाली.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

घरी आलो तर बाबांनी तिघांची ताटं वाढून ठेवली होती. भात गार झाला होता.

"वाळू नीट बसली?" त्यांनी विचारलं.

"बसली."

वहिनी हात धुऊन आली आणि आम्ही जेवायला बसलो.