छताकडची बाजू

भिंगकाकांना हे नाव कोणी पाडलं यावर घरात दोन मतं होती. बायको म्हणायची, ते तिच्या धाकट्या भावाचं काम. भिंगकाकांचा संशय बायकोवरच होता. तसा त्यांचा संशय कोणावर नव्हता? टरबूज घ्यायला गेले की सहा टरबुजं टिचक्या मारून ऐकायचे आणि मग विकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघत सातवं उचलायचे. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याचे दाट कुरळे केस खरे की लावलेले, ही शंका यांना खाऊ लागली. म्हणून त्याला नेमकं पंख्याखाली बसवून यांनी पंखा पाचावर केला. केस खरे निघाले आणि जावयाला तीन दिवस सर्दी झाली. लेक अजून ते विसरलेली नाही.

तीस वर्षं त्यांनी खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं आणि बाल्कन्यांचे कठडे बनवले होते. आता दुकान बंद केलं होतं, पण शर्टाच्या खिशात जाडी मोजायचा व्हर्नियर आणि दाढीचा छोटा गोल आरसा कायम असायचा. कोणी विचारलं तर म्हणायचे, "लोखंड तोंडावर गोड बोलतं, त्याची पाठ बघावी लागते." हे त्यांना कसं कळलं, ते मात्र त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

आता लेक आणि जावई यांना नवं खूळ लागलं होतं. जुनी जीप घ्यायची, तिला उंच करायची, मोठी चाकं लावायची आणि दगडधोंड्यांतून, नाल्यांतून शर्यतीत पळवायची. जावई चालवणार आणि लेक शेजारी बसून नकाशा वाचणार. गेल्या वर्षी त्याच शर्यतीत दोन गाड्या उलट्या झाल्या होत्या. गाडी उलटली की वरचं पत्र्याचं छत डब्यासारखं चेपतं. मग आतल्या माणसाचं डोकं आणि जमीन यांच्यामध्ये एकच गोष्ट उरते, ती म्हणजे आतून उभा केलेला जाड नळ्यांचा सांगाडा. गॅरेजातले लोक त्याला पिंजरा म्हणत. उद्या सकाळी आठ वाजता त्या पिंजऱ्यात भिंगकाकांची एकुलती एक लेक बसणार होती.

पिंजरा बनवला होता जावयाच्या मित्राने, ज्याला सगळे उस्ताद म्हणत. भिंगकाकांना तो पहिल्या दिवसापासून पसंत नव्हता, कारण तो फार हसायचा. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी त्याच्यावर सरळ आरोप ठेवला होता की नळी पातळ वापरली आहे.  उस्तादने ड्रिल घेतलं, मागच्या मुख्य कमानीला बारीक भोक पाडलं आणि म्हणाला, "मोजा, काका." नळीची भिंत बरोबर अडीच मिलिमीटर भरली. भिंगकाकांनी आणखी दोन ठिकाणी भोकं पाडायला सांगितली तेव्हा लेकीचा तोल गेला.

"बाबा, बस झालं! आता पुन्हा या माणसावर संशय घेतलात ना, तर मी गाडीत बसेन, पण तुमच्या घरात पाऊल ठेवणार नाही."

लेक बापावर गेलेली होती. बोलली की करून दाखवणार. भिंगकाकांनी उस्तादची माफी मागितली आणि दोन महिने तोंडाला कुलूप लावून बसले.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी मात्र त्यांना घरात बसवेना. लेकीचा घरी राहिलेला थर्मास परत करायचा, एवढं निमित्त पुरलं.

गॅरेजच्या दारातच त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. जीप धुऊन पुसून उभी होती आणि दारावर शर्यतीच्या तपासनिसाचं हिरवं स्टिकर चिकटलेलं होतं. म्हणजे तपासणी आटोपली होती. यांना बघून जावई एकदम टायरमधली हवा मोजायला लागला. हवा मोजून झालेली होती, भिंगकाकांनी ते दारातून पाहिलं होतं. उस्ताद हात पुसत पुढे आला आणि नेमका गाडी आणि भिंगकाका यांच्यामध्ये उभा राहिला. लेक तर थर्मास घेत म्हणाली, "वा! बरं झालं आणलात." जी पोरगी वडिलांना गॅरेजात बघून कपाळाला आठ्या घालायची, ती गोड बोलत होती.

कुठेतरी पाणी मुरतंय, हे भिंगकाकांनी ओळखलं.

"तपासणी कशी झाली?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या झटक्यात पास," उस्ताद म्हणाला. "तपासनीस तर सांध्यांवरून नजर हलवेना. म्हणाला, वेल्डिंगचे असे टाके वर्षभरात बघितले नाहीत."

हे सांगताना त्याने लेकीकडे बघितलं आणि दोघं हसले. ते हसू भिंगकाकांच्या काळजात रुतलं. "मी जरा आत बसून बघू? म्हातारा माणूस, हौस म्हणून," ते म्हणाले. नाही कोण म्हणणार?

ते लेकीच्या सीटवर बसले. डोक्यावर पिंजऱ्याच्या आडव्या नळ्या होत्या, उभ्या कमानीला जोडलेल्या. खालून दिसणारे वेल्डिंगचे टाके खरंच सुंदर होते. एकावर एक कललेल्या नाण्यांच्या चळतीसारखे, एकसारखे, कुठे तुटले नव्हते. भिंगकाकांना क्षणभर कौतुक वाटलं आणि लगेच राग आला. या हसऱ्याचा हात इतका चांगला कसा?

मग त्यांचा हात वर गेला. पिंजरा आणि छताचा पत्रा यांच्यात जेमतेम दोन बोटांची फट होती. त्यांनी बोटं आत सारली आणि सांध्याची वरची बाजू चाचपली. खाली हाताला खवल्यांसारखा टाका लागत होता. वर मात्र साबणासारखं गुळगुळीत लागलं. लोखंडाचा टाका गुळगुळीत नसतो. 

त्यांनी खिशातून आरसा काढला आणि तिरका करून फटीत धरला. राखाडी रंग, एकसारखा, बिनसुरकुतीचा. मग घराची किल्ली काढली आणि खरवडलं. बाहीवर पांढरी भुकटी पडली. त्यांनी ती नाकाशी नेली. हा वास त्यांनी तीस वर्षं घेतला होता. पुट्टी. टाका नाहीच. वेल्डिंगचे दोन टिपके लावून सांधा नुसता धरलेला, वरून पुट्टी भरलेली, त्यावर रंग. त्यांनी दुसरा सांधा खरवडला, मग तिसरा. सगळीकडे तेच.

ते गाडीतून उतरले. दिलेला शब्द, लेकीची धमकी, सगळं त्यांनी बाजूला ठेवलं. लेक घरी आली नाही तरी चालेल, जिवंत राहिली पाहिजे.

"उस्ताद," ते ओरडले, "तुमच्या घरातलं कोणी बसणार असतं या गाडीत, तर भरली असती का पुट्टी? वरची अर्धी बाजू उघडी आहे! माझ्या पोरीच्या डोक्यावर तुम्ही रंग फासलाय, रंग!"

उस्तादचं हसू मावळलं. तो आत शिरला, आरसा मागून घेतला, बराच वेळ बघत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काका," तो हळू आवाजात म्हणाला, "छताजवळचे सांधे मी केलेले नाहीत."

"मग कोणी केले? भुताने?"

उस्तादने लेकीकडे बघितलं. जावई टायरजवळून उठला. शेवटी लेकच पुढे आली.

"मी केलेत, बाबा."

भिंगकाकांनी बाहीवरची पांढरी भुकटी तिच्यासमोर धरली.

"तुम्हाला उद्या शर्यत संपल्यावर सांगणार होतो. म्हणून तर सगळे गप्प होते. लहानपणी तुमच्या दुकानात शिकले होते ना, म्हटलं बघू या हात राहिलाय का." तिला अजून काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. उलट ती जराशी रुसली होती. "आणि पुट्टीचं म्हणाल, तर ती छताकडची बाजू आहे. तिथे वेल्डिंगची बंदूक पोचतच नाही. तुम्हीच शिकवलंत ना? भिंतीकडची बाजू कोण बघतंय, दोन टिपके मार, पुट्टी भर, रंग लाव."

हे त्यांचेच शब्द होते. अक्षरन् अक्षर. जाळी भिंतीला चिकटली की मागच्या बाजूला हात जात नाही, नजरही जात नाही. मग तिथे पूर्ण टाका घालण्यात दिवस कशाला घालवायचा? त्यांच्या गुरूने त्यांना हेच शिकवलं होतं आणि त्यांनी दहा वर्षांच्या लेकीला, डोळ्यांवर काळी काच धरून, मोठ्या प्रेमाने शिकवलं होतं. म्हणून तर ते जन्मभर प्रत्येक लोखंडाची पाठ चाचपत आले. सगळ्या जगावर संशय घेतला, पण स्वतःच्या हाताखाली तयार झालेल्या हातावर घ्यायचं सुचलं नाही.

"मी विचारलं होतं, वर झालं का," उस्ताद म्हणाला. "ही म्हणाली, झालं. खालचा टाका इतका देखणा होता की मी वर बघितलंच नाही. चूक माझी आहे, काका. तो तपासनीसही खालूनच बघून गेला."

"पण खालचा अर्धा टाका तर पूर्ण आहे," लेक म्हणाली. "धरेल की तो."

भिंगकाकांनी वाद घातला नाही. त्यांनी उस्तादला चेनपुली आणायला सांगितली. आडव्या नळीला मधोमध साखळी बांधली, दुसरं टोक गाडीच्या तळाच्या चौकटीला, चासीला अडकवलं. "गाडी उलटली की जमीन या नळीला असंच सीटकडे दाबणार," ते म्हणाले. "ओढा."

उस्ताद ओढू लागला. साखळी ताठ झाली. नळी जराशी वाकली. आधी पुट्टी फुटून खाली सांडली, मग टक् असा बारीक आवाज झाला. भिंगकाकांनी लेकीला सीटवर बसवून आरसा तिच्या हातात दिला. वरचे दोन्ही टिपके तुटले होते, सांध्याचं तोंड उघडलं होतं आणि खालचा देखणा टाका दोन्ही टोकांकडून फाटत आला होता.

"अजून ओढू?" उस्तादने विचारलं.

"नको," लेक म्हणाली.  त्या नळीपासून तिचं डोकं एक वीतभरही लांब नव्हतं.

ती उतरली आणि कोणाला न विचारता दारावरचं हिरवं स्टिकर नखाने उकरून काढू लागली. ते एका दमात निघेना, तुकड्यातुकड्यांनी निघालं. जावई शेजारी उभा होता. दोन वर्षं या शर्यतीची वाट बघितलेला माणूस. त्याने खाली पडलेले तुकडे तेवढे गोळा केले.

दुसऱ्या दिवशी शर्यत त्यांच्यावाचून सुटली. त्या वेळी हे चौघं गॅरेजात जीपच्या तळाला भोकं पाडत होते. छताजवळचे सांधे पूर्ण करायची खरी पद्धत हीच आहे. पिंजऱ्याच्या सगळ्या पायांखाली तळ कापायचा, अख्खा पिंजरा खाली सोडायचा, म्हणजे वर हात पोचतो. टाके सगळ्या बाजूंनी पुरे झाले की पिंजरा पुन्हा उचलायचा आणि पायांखाली जाड लोखंडी पाट्या बसवायच्या. काम दिवसाचं आहे, म्हणून लोक टाळतात. उस्ताद फाटलेले सांधे कापून नव्याने बसवत गेला आणि लेकीने वरचा प्रत्येक टाका पुरा केला. भिंगकाका शेजारी दिवा धरून उभे राहिले. एकदाही त्यांनी तिला टोकलं नाही, टोकायची त्यांना लाज वाटत होती.

शेवटचा टाका झाल्यावर लेकीने तोंडावरची काच वर केली.

"बाबा," ती म्हणाली, "आणि ते कठडे?"

भिंगकाकांनी ऐकू न आल्यासारखं केलं. पण त्यांना पूर्ण ऐकू आलं होतं. तीस वर्षांत बनवलेले कठडे त्यांच्या डोळ्यांसमोरून जाऊ लागले. कोणता कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. प्रत्येकाचं टोक भिंतीत बसवलेल्या लोखंडी पट्टीला दोन टिपक्यांवर धरलेलं, वरून पुट्टी, वरून रंग. मध्ये किती पाऊस, किती ऊन आणि किती गंज.

सोमवारी सकाळी त्यांनी वेल्डिंगचं छोटं मशीन जावयाच्या गाडीत टाकायला लावलं. पहिल्या इमारतीत लिफ्ट नव्हती. जावई खाली मशीन उतरवत होता तोवर ते आरसा आणि किल्ली घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढले आणि धापा टाकत घंटी वाजवली.

दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून एका बाईने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय पाहिजे?"

"तुमच्या बाल्कनीचा कठडा मी बनवला होता. बारा वर्षं झाली. त्याची भिंतीकडची बाजू एकदा बघायची आहे."

"आम्ही कोणाला बोलावलं नाही."

"नाही बोलावलंत. मीच आलोय. काही द्यायचं नाही तुम्ही."

बाईचे डोळे आणखी बारीक झाले. "बारा वर्षांत काही झालं नाही आणि आजच बरी आठवण आली? कोणी पाठवलं तुम्हाला? ओळखपत्र आहे?"

भिंगकाकांना ते डोळे ओळखीचे वाटले. आयुष्यभर ते स्वतः याच डोळ्यांनी जगाकडे बघत आले होते. रागवायला तोंड नव्हतं आणि पटवायला वेळ नव्हता, कारण बाईच्या खांद्यावरून त्यांना पलीकडची बाल्कनी दिसत होती. तिथे एक माणूस दोन्ही कोपरं कठड्यावर टेकून, सगळा भार पुढे टाकून, खाली रस्त्यावर कोणाशी तरी बोलत होता.

"ओळखपत्र दाखवतो, बाई," भिंगकाका म्हणाले. "आधी त्यांना आत बोलवा."