रिकामा चाप

शनिवारी सकाळी खारींच्या शिकारीचा मोसम सुरू होणार होता, आणि त्याच सकाळी दहा वाजता बंदुका दुरुस्त करणाऱ्या ऑर्व्हिल स्टॉलनेकरचं लेथ यंत्र न्यायला माणूस येणार होता. मुलीनं, रनीटानं, कोलंबस शहरातून तसं कळवूनच टाकलं होतं. लेथ गेलं की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की ऑर्व्हिल तिच्याकडे, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी. बापाचे डोळे गेले, हा तिचा हिशेब. तो चुकीचाही नव्हता. मार्चमध्ये ऑर्व्हिलचं ड्रिल भरकटून पाद्रीबाबांच्या रायफलीची नळी कुशीतून फोडून बाहेर आलं होतं. तेव्हापासून लोक दुकानात यायचे ते खुशाली विचारायला. बंदुका गाडीतच ठेवून.

रनीटानं एवढीच सवलत दिली होती: मावशीची रायफल नीट झाली, आणि मावशीनं स्वतः फोनवर तसं सांगितलं, तर माणूस येणार नाही.

मावशी म्हणजे ऑर्व्हिलची मेव्हणी डेल्फिया. रायफल तिच्या आजोबांची, एकबारी, बत्तीसच्या काडतुसाची, आणि ते काडतूस आता कुठल्याच दुकानात मिळत नाही. ऑर्व्हिलनं चार दिवस खपून जुनी नळी आतून कोरली आणि तिच्यात बावीसच्या मापाची बारीक नळी बसवली. मग चाप ओढल्यावर काडतुसावर आपटणारी पिन सरकवली, कारण या काडतुसाच्या बुडाच्या कडेवरच पिन आपटावी लागते, आणि नवं बूड लहान. कोरताना दर इंचाला तो नळी गालाला लावून बघायचा. ड्रिल एका बाजूला गेलं तर ती बाजू जास्त तापते. या वेळी सगळीकडून सारखी कोमट लागली.

शुक्रवारी दुपारी डेल्फिया पेपरोनी रोलची, म्हणजे मसालेदार सॉसेज भरलेल्या पावांची, पिशवी घेऊन आली.

"दाजी, कॅलेंडरात कुठला महिना आहे?"

"सप्टेंबर."

"ऑगस्ट आहे. पान उलटलंच नाही तुम्ही."

"मग चूक कॅलेंडरची."

ती हसली. रायफल उचलून खांद्याला लावली आणि कॅलेंडरातल्या हरणावर नेम धरून चाप ओढला. खट्. खट्. खट्. त्यांच्या खोऱ्यात बंदूक हातात आली की जो तो हेच करतो.

"अगं बाई, नको!"

तोवर तीन झाले होते. काडतूस नसलं की पिन थेट नळीच्या मागच्या तोंडावर, जिथं काडतूस बसतं तिथं, आपटते. चाळीस वर्षं ऑर्व्हिल वाजलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी आत ठेवून मगच बंदूक गिऱ्हाइकाच्या हातात देत आला होता. आज ती पुंगळी खाली पडली होती, आणि त्याला सापडली नव्हती.

डेल्फियानं काडतूस लावलं. ते तोंडाशीच अडलं.

तेवढ्यात फोन वाजला. रनीटाच.

"हो गं, इथंच आहे." डेल्फियानं फोनवर हात ठेवला. "काय सांगू?"

"थांब म्हण."

"मी खोटं नाही बोलणार. ताई गेली तेव्हा तिला कबूल केलंय, तुमची आबाळ होऊ देणार नाही म्हणून."

"आणि खिडकीशी बसवलं की आबाळ होत नाही? डेल्फी, हात जोडतो. थांब म्हण तिला."

तिनं फोन तसाच टेबलावर ठेवला. ऑर्व्हिलनं डोळे मिटले. नाहीतरी त्यांचा उपयोग नव्हता. नळीच्या तोंडाशी नखाला पोलादाचं एक कुसळ लागलं, तीन ठोक्यांनी आत दबलेलं. निमुळती पोलादी दांडी घालून तो कुसळ मागं रेटू लागला. जरा जास्त रेटलं तर तोंडच फाकणार. दांडी काढ, नखानं बघ, पुन्हा घाल.

काडतूस आत गेलं.

मागच्या अंगणात डेल्फियानं ओंडक्यावरच्या अक्रोडावर नेम धरला. खट्. नुसतंच.

बार उशिरानं निघेल म्हणून ऑर्व्हिल थोडं थांबला, मग काडतूस काढून, पिन कडेच्या दुसऱ्या जागी आपटावी म्हणून, जरा फिरवून पुन्हा लावलं. "ओढ."

बार निघाला. अक्रोड उडाला.

डेल्फिया आत गेली. "ऐकलंस? हो, वाजली. डोळे? डोळे नाहीतच गं त्यांना. पण मी खटखट करून बिघडवलेली त्यांनी डोळे मिटून नीट केली. पहिला चाप फुकट गेला, तेही ऐकून ठेव. माणूस पाठवू नकोस. निदान खारींचा मोसम संपेपर्यंत."

तिनं फोन ठेवला.

"फेब्रुवारीअखेर," ऑर्व्हिल म्हणाला. "साडेपाच महिने."

मग तो गुडघ्यांवर बसून जमीन चाचपू लागला. पुंगळी डेल्फियाच्या बुटाशीच पडली होती. तिला ती दिसत होती. त्याची त्यालाच सापडते का म्हणून तिनं पाय हलवला नाही. त्याचा हात कुठवर येतो ते बघत राहिली.