अर्ध्या मुंडणाचा सामी

पळनीला मुरुगदेवाला केस देतात. श्रीमंताने दिले काय आणि भिकाऱ्याने दिले काय, वस्तरा फिरला की दोघंही सारखेच गुळगुळीत. वर चंदनाचा लेप चढला की आईलासुद्धा गर्दीत आपला मुलगा पटकन सापडत नाही. मुरुगाला हेच आवडत असणार, असं अंगमुत्तू न्हावी म्हणायचा. डोंगराखालच्या मुंडणमंडपात त्याचा जन्म गेला होता. माणसं एकसारखी दिसावीत ही त्याच्या लेखी देवाची कृपाच होती. त्या वर्षीच्या तैपूसमच्या जत्रेपर्यंत तरी.

जत्रेच्या सकाळी कांगेयमकडचं एक कुटुंब बाळाचं जावळ काढायला आलं. बाळ मामाच्या मांडीवर बसलं, कारण मामाची मांडी नसेल तर जावळाला वस्तरा लागत नाही. हा मामा, चेल्लदुरै, त्यासाठी मुद्दाम सिंगापूरहून आला होता आणि त्याच रात्री परतायचा होता. त्याला बघताच शेजारच्या पाटावरचा न्हावी चिन्नप्पन ओरडला, "अंगमुत्तू अण्णा, बघा बघा! खांबावरचे साहेब खाली उतरले!"

मंडपाच्या खांबावर पोलिसांनी एक चित्र डकवलं होतं. दिंडुक्कलच्या एका सराफाचा गळा चिरून पळालेला माणूस, लांब केस, छातीपर्यंत दाढी, झोपाळू डोळे. मामाचं ध्यान हुबेहूब तेच.

"हसा, हसा," चेल्लदुरै म्हणाला. "आल्यापासून दोनदा धरलंय मला. पासपोर्ट दाखवला तेव्हा कुठे सोडलं. हे रान उतरवा एकदाचं."

"रान वाढवायला सांगितलं होतं कुणी?" त्याची बहीण पूंगोडी फणकारली. "मला मूल होईपर्यंत केसांना कात्री लावणार नाही, हा नवस यानंच बोललेला. भोग आता!" पण बोलताना तिचे डोळे भरून आले होते.

आधी बाळाचं जावळ निघालं, मग मामाचं मुंडण. वस्तरा डाव्या कानामागे असताना बाळाने अंगमुत्तूच्या हाताला हिसका दिला आणि रक्ताचा थेंब आला. अंगमुत्तूने हळद दाबली. "भाच्याचा आहेर," मामा हसून म्हणाला. चंदन लावून सगळी मंडळी डोंगर चढायला निघाली. आपला हात देवाच्या कामी आला, म्हणून अंगमुत्तूलाही बरं वाटलं.

तिसऱ्या प्रहरी तो वस्तऱ्यात नवं पातं घालत होता, तेवढ्यात समोर कुणीतरी येऊन बसलं. त्याने मान वर केली. झोपाळू डोळे, छातीपर्यंत दाढी.

"अहो, तुमचं तर सकाळीच..." एवढं बोलला आणि त्याची नजर खांबावरच्या चित्राकडे गेली. सकाळी उतरवलेले केस दुपारी उगवत नाहीत.

"सकाळी जसं केलंत तसंच करा," तो माणूस हळू, जवळजवळ लाडाने म्हणाला. "दाढी, केस, सगळं. आणि डाव्या कानामागे तेवढंच कापा. हळदही दाबा. सकाळच्या त्या मामाला न्यायला आलेला गाडीवाला बारीक नजरेचा आहे."

"मुद्दाम नाही कापत आम्ही, सामी." नवसाला आलेल्या प्रत्येकाला तो सामी, म्हणजे स्वामी, म्हणायचा.

"कापाल. दाराबाहेर फुलं घेऊन बसते ती तेन्मोळी तुमचीच ना? मघाशी तिच्याकडूनच गजरा घेतला. गोड पोर आहे. हात सैल सोडून माप देते."

आता सगळं अंगमुत्तूच्या डोळ्यांपुढे आलं. डोंगराच्या झाडीत एक मुंडण केलेला माणूस मरून पडलेला सापडणार. त्याच्या कनवटीला खांबावरच्या माणसाच्या वस्तू असणार. पोलीस तोंड बघतील, हात झटकतील, शोध संपेल. विमानात एक टक्कल चढायचं होतं, ते मामाचा पासपोर्ट घेऊन चढेल. बहिणीला वाटेल, भाऊ सुखरूप पोचला.

"लवकर," तो माणूस म्हणाला आणि डोळे मिटून मान वर केली.

गळा समोर होता आणि वस्तऱ्याला नवं पातं. क्षणभर अंगमुत्तूचा हात तिथे गेला, नाही असं नाही. पण या वस्तऱ्याने आजवर लोकांचे नवस उतरवले होते. 'मुरुगा, हे माझ्याकडून होणार नाही. दुसरं काही सांग,' तो मनात म्हणाला आणि केसांवर पाणी मारलं. टाळूपासून वस्तरा उजवीकडे ओढला. पुन्हा ओढला. उजवी बाजू सोललेल्या नारळासारखी निघाली, डावीकडे मानेपर्यंत केस तसेच लोंबत राहिले. मग त्याच्या कोपराचा धक्का लागला आणि पाण्याची वाटी पालथी झाली.

"पाणी घेऊन येतो."

डोळे उघडले. "वस्तरा ठेवून जा."

"नवस चालू असताना वस्तरा हातातून खाली ठेवत नाहीत, सामी," अंगमुत्तू म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच तो देवाच्या दारात खोटं बोलला होता.

तो दाराकडे चालू लागला. मागे पाट सरकल्याचा आवाज आला, मग अनवाणी पावलांचा. डावीकडे तेन्मोळीची टोपली, उजवीकडे पोलिसांची चौकी. दोन्हीही फार लांब वाटले. पावलं अगदी पाठीशी आली, तसा तो गर्रकन वळला आणि मंगळवारच्या भजनात लावायचा तो आवाज त्याने लावला.

"अरोहरा!"

"अरोहरा!" मुरुगाचा जयघोष ऐकताच सगळा मंडप एका गळ्याने म्हणाला आणि सगळ्यांच्या माना वळल्या.

"आयांनो, बापांनो, हे सामी अर्धा नवस टाकून निघालेत!"

असं पळनीला कधी कुणी ऐकलं नव्हतं. शिवाय एका न्हाव्याने हात लावलेलं डोकं दुसरा धरत नाही. म्हाताऱ्या बायका धावल्या.

"अरे लेकरा, घाबरलास होय?"

"बायको रागावेल म्हणून पळतोय मेला!"

"बस रे बाळा, देव कोपेल. एवढुसं तर राहिलंय."

एकीने त्याचं मनगट धरलं, दुसरीने धोतराचा सोगा. त्याचा मोकळा हात कमरेकडे गेला. धोतर सुटतंय असं समजून एका आजोबांनी तोही हात घट्ट धरून ठेवला. एवढ्या मायेने धरलेला माणूस सुटणार कसा? चिन्नप्पनने त्याच्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं. "अण्णा, सकाळचा मामा तर..." म्हणता म्हणता त्याचा रंग उडाला आणि तो चौकीकडे पळत सुटला.

तेवढ्यात दर्शन घेऊन कांगेयमची मंडळी खाली आली. पुढे चेल्लदुरै, कडेवर बाळ. दोन्ही तोंडं समोरासमोर आली. बाळाने एकदा मामाकडे पाहिलं, एकदा त्या माणसाकडे. मग हसलं आणि त्या माणसाकडे झेपावलं. पूंगोडीने किंचाळून त्याला ओढून घेतलं.

चिन्नप्पनने आणलेल्या पोलिसांनी त्या माणसाला बांधलं. कमरेचा सुरा निघाला तेव्हा त्या आजोबांना खालीच बसावं लागलं. पूंगोडी अंगमुत्तूच्या पाया पडायला आली. तो नको नको म्हणत असतानाच पोलीस त्या माणसाला घेऊन शेजारून निघाले, आणि तो माणूस थांबला. अर्धं डोकं उन्हात चकाकत होतं. डोळे तसेच झोपाळू.

"अर्धं राहिलंय, अण्णा," तो लाडाने म्हणाला. "दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. तुमच्याकडूनच करून घ्यायला येईन."

पाटावर पुढचं बाळ रडत होतं, त्याचा मामा हाका मारत होता. अंगमुत्तूला ऐकू गेलं नाही. तो बाहेर लेकीपाशी आला.

"चल, तेन्मोळी. घरी चल."

"आत्ता? अप्पा, अशी गर्दी वर्षातनं एकदा होते! झालंय काय तुम्हाला?"

तो खाली बसला आणि मांडून ठेवलेले गजरे एकेक करून टोपलीत भरू लागला. प्रत्येक गजऱ्यामागे तो मान वर करून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत होता. समोरून चंदन लावलेली गुळगुळीत डोकी येतच होती, सगळी एकसारखी.