बाय आसा

मरोळच्या कारखान्यांची सकाळची पाळी सुटली, की मागच्या चाळींकडे जाणारा रस्ता बायकांनी भरून जातो. सुलक्षणा त्यांच्यातलीच एक. रेडिओच्या पट्टीवर बारीक तारांना कथलाचा डाग द्यायचं तिचं काम. या कामाला कंपनीला बायकाच हव्या असतात. त्यांची बोटं नाजूक, नजर बारीक आणि तोंड बंद, असं साहेब लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. लाइनच्या टोकाला तपासणी असते. जी पट्टी तिथे बोलत नाही, ती लाल डब्यात जाते. हल्ली सुलक्षणाला त्या लाल डब्याकडे बघवत नव्हतं, कारण पंधरवड्यापूर्वी तिची स्वतःचीच तपासणी झाली होती.

तिचा नवरा चंद्रप्रकाश शेजारच्या कारखान्यात फिटर. माणूस वाईट नव्हे. दारू नाही, मारझोड नाही. नव्या यंत्राचं मात्र त्याला भारी वेड. चाळीत पहिला टीव्ही आला तो त्याच्याच घरात. सुलक्षणाला दिवस गेल्यावर तोच म्हणाला होता, "सायन्स किती पुढे गेलंय बघ! पोटातलं थोडं पाणी काढतात, तपासतात, सगळं कळतं."

"सगळं म्हणजे काय?"

"म्हणजे बाळ धड आहे की नाही, ते."

हे सांगताना तो टीव्हीची तार नीट करत होता. टेबलावर झोपवून लांबलचक सुई पोटात घालेपर्यंत सुलक्षणाला वाटत होतं, खरंच तेवढंच असेल. सुई बाहेर काढता काढता डॉक्टरांनी सहज विचारलं, "पहिली मुलगीच ना?" तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की ही तपासणी कसली आहे. त्या दिवसापासून रस्त्यात कुठे फोनची घंटा वाजली, तरी ती जागीच थबकायची.

चाळीत फोन नव्हता. दवाखान्याला खालच्या भीमराजशेठच्या दुकानाचा पीपी नंबर दिला होता; फोन आला, की शेठ वर हाक मारायचे. त्या दुपारी ती जिना चढून आली, तेव्हा सासूबाई दारातच विळी घेऊन नारळ खवत बसल्या होत्या. सुगंधाबाईंना मालवण सोडून जन्म लोटला, पण जिभेवरचं मालवण काही सुटलं नव्हतं. नातीचं नाव लता, पण ते शाळेतल्या बाईंपुरतं. आजीच्या तोंडी ती 'बाय'. कोकणात लाडक्या पोरीला हाक मारतात, तशीच. सात वर्षांची बाय आजीच्या मांडीला टेकून खोबरं खात होती.

सुगंधाबाईंनी मान वर केली नाही. "फोन इलो होतो," त्या म्हणाल्या.

सुलक्षणाने दाराची चौकट धरली. "काय म्हणाले?"

"बाय आसा."

विळीवर नारळ फिरत राहिला. "त्या नर्शीन दोनदा सांगल्यान. खरखर होती, पण माका सारख्या ऐकाक इला. बाय, बाय. उद्या सकाळीच जावया. न्हेवन काढून टाकूया. एक आसा ती रग्गड झाली. आता आणखी बाय नको."

"आई, पाच महिने होत आलेत. आता ते हलतंय."

"रडतंस कित्याक गो? जगात तू एकटीच काय? हो दवाखानो उगाच चलता?"

सुगंधाबाईही दुष्ट नव्हत्या, हे सांगायला हवं. आधी पाठोपाठ मुलीच झाल्या म्हणून त्यांनी स्वतः सासूचे चटके खाल्ले होते, हातावर त्यांचे वणही होते. ज्या विस्तवाने त्या भाजल्या, तो विझवावा असं त्यांच्या मनात आलं नाही. उलट, सुनेला फक्त एक सुई टोचली, तिचं किती बरं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

दिवेलागणीला लता कुठे दिसेना. शेजारच्या शकुकडे नाही, नळावर नाही. सुलक्षणाने सहज खाली वाकून बघितलं, तर पोर खाटेखाली, भिंतीला पाठ लावून बसलेली. जवळ शाळेचं दप्तर. दप्तरात पुस्तकांवर कोंबलेला दिवाळीचा फ्रॉक.

"इथे काय करतेस गं?"

लताने आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "आई, उद्या मला कुठे टाकणार?"

"कोण म्हणालं असं?"

"आजी. बाय नको म्हणाली. सकाळी नेऊन टाकायची." तिने दप्तर पोटाशी ओढलं. "मी आता दूध नाही सांडणार. खरंच नाही."

सुलक्षणाने लेकीला ओढून छातीशी धरलं. ती पोरीला समजावणार काय होती? तू नाहीस बाळ, ती दुसरी बाय आहे, तिला टाकायचंय, तुला नाही, असं? मुलीच्या मनात जी भीती भरली होती, ती खोटी आहे असं आईला म्हणता येईना. सात वर्षांपूर्वी ही सुई असती, तर लता तरी कुठे असती? हा विचार मनात आला आणि सुलक्षणाने लेकीला आणखी घट्ट धरलं.

चंद्रप्रकाश कामावरून आला, तेव्हा ती म्हणाली, "मी उद्या येणार नाही."

तो चिडला नाही. तो कधीच चिडत नसे, त्यामुळे त्याच्याशी भांडताही येत नसे. "मला काय आनंद होतोय? पण विचार कर ना. पूर्वी कळत नव्हतं, तेव्हा नशीब म्हणून गप्प बसायचे. आता कळतं. कळतं तर मग का नाही करायचं?"

"मला भीती वाटते."

"भीती काय त्यात? दिवसभर मशीनवर काम करतेस आणि बोलतेस अडाण्यासारखं. झोप. सकाळी लवकर निघू."

कुडाळला सुलक्षणाची आई होती, पण ती भावाच्या जिवावर जगत होती. कंपनीतल्या मैत्रिणी होत्या, पण त्यांतल्या कितीजणी त्याच दवाखान्यात जाऊन आल्या होत्या, हे तिला आता हळूहळू कळत होतं. तिने पोटावर हात ठेवला. आतून एक हलकीशी टिचकी बसली आणि तिला रडू फुटलं.

दवाखाना घाटकोपरला, एका शिंप्याच्या दुकानावर. पायऱ्या चढताना फिनेलचा वास आला आणि सुलक्षणाचे पाय मागे येऊ लागले. चंद्रप्रकाशने तिचा दंड धरला होता, मागून सुगंधाबाई चढत होत्या. खिडकीशी जाऊन तो दबक्या आवाजात म्हणाला, "काल फोन आला होता, त्यासाठी." आतल्या बाईने न बघताच बाकाकडे बोट केलं.

बाकावर दहिसरहून आलेली एक तरुण बाई नणंदेबरोबर बसली होती. द्रौपदी तिचं नाव. ती सारखा पदर बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"तुमाला किती?" तिने विचारलं.

"एक मुलगी."

"मला दोघी हायेत." तिने पदर पुन्हा बोटाला गुंडाळला. "लई दुखतंय का वो?"

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. केरळची नर्स बाहेर आली. सुलक्षणा झटकन उभी राहिली. ती म्हणाली, "मी आत जाणार नाही."

"गप गो, लोक बघतत," सुगंधाबाई कुजबुजल्या.

"बघू देत. हे माझं पोट आहे. मी जाणार नाही! मला घराबाहेर काढा, काय वाटेल ते करा, पण मी त्या टेबलावर झोपणार नाही!"

चंद्रप्रकाशची बोटं दंडात रुतली. नर्स तिघांकडे आळीपाळीने पाहत राहिली. "तुमी कशाला आत?" तिने विचारलं. "काल मी फोन केला ना? दोन वेळा बोलली. बॉय आहे तुमचा. बॉय!"

बाय आणि बॉय! कागदावर अक्षराच्या डोक्यावर एक चिमुकला अर्धचंद्र, एवढाच काय तो फरक. फोनच्या खरखरीत तो अर्धचंद्र गळून पडला होता आणि तेवढ्यावर एक जीव जायला निघाला होता.

दंडावरची बोटं सुटली. सुगंधाबाईंनी तिथेच हात जोडले. "रवळनाथान राखल्यान गो!" म्हणत त्यांनी सुनेच्या तोंडावरून हात फिरवला. "हळू बस. जप जिवाक. पाणी हाडू काय?"

त्या मायेच्या स्पर्शाने सुलक्षणा मागे सरकली. कालपासून ती जितकी घाबरली नव्हती, तितकी आता घाबरली. ही तीच माणसं होती. हात तेच होते.

"द्रौपदी!" नर्सने हाक मारली.

द्रौपदी उठली. "तुजं नशीब थोर, बाई," ती सुलक्षणाला म्हणाली. सुलक्षणाने तिचा हात घट्ट धरला. "नको जाऊ. माझ्याबरोबर चल खाली."

"खाली जाऊन पुढं कुठं जाऊ?" द्रौपदी म्हणाली. तिच्या नणंदेने हात सोडवला. दार लागलं. द्रौपदीचा फोन कुणी चुकीचा ऐकला नव्हता.

"चल, आपलं काम झालं," चंद्रप्रकाश म्हणाला.

येताना त्याने मरोळ नाक्यावर पेढे घेतले. घरात शिरताच सुलक्षणाने पेढ्यांचा पुडा त्याच्या हातातून घेतला आणि फळीवर ठेवून दिला.

"हे वाटायचे नाहीत," ती म्हणाली. "तो मुलगा आहे म्हणून वाचला, असं या घरात कुणी म्हणायचं नाही. मी नाही म्हणाले होते, ते आधी. मुलगी असती तरी मी नाहीच म्हणाले असते. आणि हे मी इथेच बोलणार नाही. उद्या जेवणाच्या सुट्टीत लाइनवरच्या बायकांना सगळं सांगणार आहे. सुईचं, बाकाचं, द्रौपदीचं. कुणाला लाज वाटली तर वाटू दे."

चंद्रप्रकाश टीव्हीकडे वळला आणि त्याची तार नीट करू लागला.

सुगंधाबाईंनी विषय मोडायला म्हणून फळीवरचा पुडा सोडला, एक पेढा घेतला आणि रोजच्यासारखी लाडाने हाक मारली, "बाय! ये गो, पेढो खा. खय गेलंस? बाय!"

कुणी आलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. मग खाटेखालून, अगदी भिंतीकडून, बारीक आवाज आला.

"बाय घरात नाहीये."

सुगंधाबाईंच्या हातात पेढा तसाच राहिला.