खांबाला दिलेला खो

मी एक जुना खो-खोचा खांब आहे. देगलूरच्या पलीकडे, तेलंगणाची हद्द जिथून हाकेवर आहे, तिथल्या एका प्राथमिक शाळेच्या मैदानात मी बावीस वर्षं उभा आहे. मित्रांनो, बस म्हणून मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

माझा जन्म बांधावरच्या एका बाभळीत झाला. शिवमूर्ती सुतारांनी तिच्यातून दोन खांब आणि एका बाजेचे चार पाय काढले. पोरांच्या तळव्यांना सल लागू नये म्हणून त्यांनी मला दोन दिवस काचकागदाने घासलं. बाजेचे पाय उदगीरला गेले. माझा जुळा भाऊ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पुरला. बावीस वर्षं आम्ही समोरासमोर आहोत, पण अजून भेट झालेली नाही.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. उद्घाटनाला पाहुण्यांनी नारळ फोडला. जवळ दगड नव्हता, म्हणून माझ्याच डोक्यावर फोडला. पुढे कौतुक ओसरलं. खिचडी शिजवणाऱ्या साखराबाई माझ्यावर फडकी वाळत घालू लागल्या. कुणी शेळी बांधली. एका स्नेहसंमेलनात मला झाडाचं काम मिळालं. मी हलत नाही म्हणून अख्खं नाटक माझ्यापाशी आणलं आणि माझ्या गळ्यात कागदी पानं बांधली. म्हाताऱ्याला बारशाचं टोपडं घालावं तसं मला झालं. टाळ्या मात्र पडल्या.

मग दोन वर्षांपूर्वी लक्ष्मम्मा आली.

लक्ष्मम्मा हद्दीपलीकडची, मदनूरकडची. तिची आई इथल्या डाळमिलमध्ये कामाला लागली आणि ही वयाप्रमाणे चौथीत बसली. घरी तेलुगू, शाळेत मराठी. त्यामुळे ती शाळेत बोलतच नसे. मधल्या सुट्टीत मात्र मला टेकून उभी राहायची आणि तेलुगूत भडाभडा सांगायची. मला एक अक्षर कळायचं नाही. तरी मी कधी मध्ये बोललो नाही, त्यामुळे आमचं जमलं.

एक दिवस मुख्याध्यापिका जगदेवी बाई मैदानात आल्या. सोबत खेळ घेणारे शेषेराव सर होते.

"सर, ही पोरगी बोलत नाही. भाषा येईपर्यंत दुसरीत बसवावं म्हणते."

"बाई, तिची आई म्हणून राहिली, खाली बसवलं तर पोरगी आजीकडं धाडीन, मदनूरला. तिथं कोण शाळेत घालतंय तिला? म्हशी हायेत आजीच्या."

बाई सरांकडे वळल्या. "बरं. तुमच्या संघात पोरी कमी आहेत ना? घ्या तिला. मैदानात मराठीतला एक शब्द बोलली तरी चौथीत ठेवते."

म्हणजे सगळ्या मराठी भाषेतून लक्ष्मम्माला एकच अक्षर हवं होतं. खो.

संघाला नऊ पोरी लागतात. तिसरी-चौथीत मिळून पोरी होत्याच नऊ. निवड समितीला फारसा त्रास झाला नाही.

लक्ष्मम्मा वाऱ्यासारखी धावायची. पण खो देताना नुसती पाठीला हात लावायची. आवाज नाही.

"अगं बोल की! मुकी हायस का?" कप्तान वर्षाराणी खेकसायची.

"तोंडात मिठाची गुळणी धरलीस का गं?" शेषेराव सर ओरडायचे. "खो! म्हण, खो!"

ती मान खाली घालायची. मग माझ्यापाशी येऊन नखाने मला खरवडायची. ते ओरखडे अजून माझ्या अंगावर आहेत.

केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या स्पर्धा आमच्याच मैदानावर झाल्या. शेवटची पाळी, एक बाद झाला की आम्ही जिंकणार. समोरची पोर पाऱ्यासारखी निसटत होती. लक्ष्मम्मा मला वळसा घालून सुटली, वर्षाराणीच्या पाठीवर तिने थाप मारली आणि एवढ्या मोठ्यांदा ओरडली की साखराबाईंच्या हातातलं पातेलं पडलं.

"पो!"

वर्षाराणी ताडकन उठली, धावली आणि तिने त्या पोरीला बाद केलं. तेवढ्यात पंचांची शिट्टी वाजली.

"फाऊल! खो म्हणायचं असतं. पो काय?"

सगळं मैदान हसलं. साखराबाई पदर खोचत पुढे आल्या. "अवं सर, तिच्या बोलीत पो म्हंजी जा! हिला जा म्हनायचं हुतं, ती जा म्हनली. चुकलं कुठं?"

पंचांनी नियमांची पुस्तिका उघडली. तिच्यात पो नव्हता. बाद रद्द झाला, वेळ संपली, आम्ही हरलो.

"बाई, बोलली की पोरगी," शेषेराव सर हळूच म्हणाले.

"मराठीत नाही ना बोलली." बाई लक्ष्मम्माकडे बघत होत्या. "माझ्या घरी कन्नड होतं, सर. मलाही दोन वर्षं खाली बसवलं होतं. तिच्या भल्याचंच आहे." हे बोलताना त्यांचा हात माझ्यावर होता. लक्ष्मम्माच्या ओरखड्यांवरून त्यांचा अंगठा फिरत होता. हे फक्त मला माहीत आहे, आणि मला विचारायला कुणी येत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. शाळा रिकामी. लक्ष्मम्मा एकटी आली आणि माझ्या मागे उभी राहिली. खांबाला पाठ कुठली, पण तिने शोधली. थाप मारून म्हणाली,

"खो."

स्वच्छ. वर्गातल्या फळ्यावर लिहावा असा.

"खो. खो. खो."

मित्रांनो, खो मिळाला की उठून धावायचं असतं. हा नियम मला बावीस वर्षांपासून पाठ आहे. मी दीड फूट जमिनीत पुरलेला आहे. त्या दिवशी मी उठायचा प्रयत्न केला. खरंच केला. माझ्या बुडाशी जी चीर गेली आहे ती लोक वाळवीची समजतात.

फाटकातून तिच्या आईने हाक मारली, "लक्ष्मम्मा, रा!" आईच्या हातात पिशवी होती. रा म्हणजे ये, एवढं तेलुगू मला त्या दिवशी कळलं. लक्ष्मम्मा गेली. सोमवारी दुसरीतही ती नव्हती आणि चौथीतही नव्हती.

आता मधल्या सुट्टीत पोरी खेळतात तेव्हा वर्षाराणीची धाकटी बहीण "पो!" म्हणून खो देते. आधी चेष्टेत म्हणायची, आता सवयीने म्हणते. आणि रांगेत बसलेली पोर उठते, धावते. कुणाचं काही अडत नाही.

मित्रांनो, मला रंग द्या, माझ्यावर शेळी बांधू नका, असं मी म्हणणार होतो. ते राहू द्या. शेळीची मला सवय झाली आहे. पण कुणी तुमच्या पाठीवर थाप मारून न कळणारा शब्द म्हटला, तर त्याचा अर्थ मागाहून विचारा. आधी उठा. मला उठता आलं नाही, कारण मी लाकूड आहे. तुम्हाला ती सोय नाही.